यंत्रशाळेतून पाठशाळेकडे

सेनगाव तालुक्यातील गोरेगाव हे विदर्भाच्या सीमेकडील मुलखातले, सोयाबीन, तूर, कापूस आणि हळद यांवर ज्याचा संसार चालतो असे गाव. १ मे १९९९ रोजी हिंगोली हा निराळा जिल्हा होईपर्यंत येथल्या रयतेच्या दफ्तरी कामांचा शेवट परभणीस होत असे. आणि त्याहीपूर्वी, १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाचा अंमल संपुष्टात येईपर्यंत, अखेरचा हुकूम हैदराबादेहून सुटत असे. अशा गावातील मुलाला यंत्रविद्या शिकावीशी वाटली, तर ती त्याला कोणाच्या मुखातून, कोणत्या भाषेत आणि घरापासून किती दूर जाऊन मिळे, या प्रश्नाचे उत्तर पिढीगणिक बदलत आले आहे. आज तेथला विद्यार्थी हातातल्या मोबाइलवर, चाकणच्या किंवा वाळूजच्या कारखान्यातील नोकरी सोडून स्वतंत्रपणे शिकविणाऱ्या एखाद्या अभियंत्याचे व्याख्यान मराठीत ऐकू शकतो. हा अभियंता नव्या युगाचे अपत्य आहे असे सामान्यतः मानले जाते. परंतु त्याची वंशावळ दोनशे वर्षांची आहे, आणि ती सांगितल्यावाचून त्याची योग्यता नीट ध्यानात यावयाची नाही.

त्या वंशावळीच्या आरंभी जॉर्ज जर्व्हिस हा इंग्रज लष्करी अभियंता उभा आहे. पेशवाई जाऊन जेमतेम पाच वर्षे झाली होती, तोच १८२३ मध्ये मुंबईस गणित आणि शिल्पविद्या शिकविणारी शाळा त्याच्या देखरेखीखाली सुरू झाली, आणि तीत मोजणी व बांधकाम या विषयांचे शिक्षण मराठी आणि गुजराती या देशभाषांतून देण्यात आले. त्यासाठी लागणारे गणिताचे ग्रंथ जर्व्हिसने शास्त्रीमंडळींच्या साहाय्याने मराठीत आणविले. देशी भाषेत गहन विद्या शिकविता येत नाही, हा समज ज्या काळी रूढ होऊ लागला होता, त्या काळी एका कामकरी अभियंत्याने तो व्यवहाराने खोटा पाडला, ही गोष्ट आपल्या शिक्षणाच्या इतिहासात जितक्या ठळकपणे सांगितली जावयास हवी होती तितकी सांगितली गेलेली नाही. शाळा मात्र दीर्घायुषी ठरली नाही. १८५४ मध्ये पुण्यास सार्वजनिक बांधकाम खात्यासाठी दुय्यम अंमलदार तयार करणारा अभियांत्रिकी वर्ग निघाला, १८८७ मध्ये मुंबईस व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट निघाली, आणि यंत्रविद्या इंग्रजीच्या आश्रयास गेली. बडोद्यास सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने १८९० मध्ये स्थापन झालेल्या कलाभवनाने देशी भाषेचा आग्रह धरला, तो त्या काळातील एक सन्माननीय अपवाद होय.

त्या पिढीतील कर्तबगार माणसाच्या प्रवासाची दिशा आजच्या नेमकी उलट होती. लक्ष्मणराव किर्लोस्कर याच मुंबईच्या संस्थेत शिक्षक होते. बढतीच्या वेळी आपल्याला डावलण्यात आले हे पाहून त्यांनी ती नोकरी सोडली, आणि पुढे १९१० मध्ये औंध संस्थानातील ओसाड माळावर किर्लोस्करवाडीचा कारखाना उभारला. परतंत्र देशाला त्या वेळी कारखान्यांची वाण होती, म्हणून शिक्षकाने फळा सोडून भट्टीकडे जाणे हेच राष्ट्रकार्य होते. स्वातंत्र्यानंतर कारखाने वाढले, अभियंत्यांची संख्या वाढली, आणि वाण पडली ती कारखान्यातले ज्ञान गावापर्यंत नेणाऱ्या माणसाची.

इकडे गोदावरीच्या खोऱ्यात कथा निराळी होती. निजामाच्या राज्यात १९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले. त्याचे माध्यम उर्दू होते, आणि १९२९ मध्ये तेथे अभियांत्रिकी महाविद्यालयही सुरू झाले. त्यासाठी दारुल-तर्जुमा या भाषांतरसंस्थेने विज्ञानाचे ग्रंथ उर्दूत आणण्याचे जे प्रचंड कार्य केले, त्याचे श्रेय मोकळ्या मनाने दिले पाहिजे. भारतीय भाषेत उच्च तांत्रिक शिक्षण देता येते याचा तो मोठाच पुरावा होता. परंतु हिंगोली-परभणीच्या मराठी रयतेची ती घरची भाषा नव्हती, म्हणून येथल्या मुलाला यंत्रविद्येच्या दारापर्यंत जाण्यापूर्वी भाषेचा एक स्वतंत्र उंबरठा ओलांडावा लागे. मराठवाडा महाराष्ट्रात आल्यानंतर, १९६० मध्ये औरंगाबादेस शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय निघाले, १९८१ मध्ये नांदेडास गुरु गोविंदसिंगजींच्या नावाची संस्था उभी राहिली, आणि १९८३ पासून विनाअनुदानित महाविद्यालयांना वाट मोकळी झाल्यावर पदवी दुर्मीळ राहिली नाही. शेतकऱ्याचा मुलगा अभियंता होऊन पुण्याच्या कारखान्यात लागणे ही मराठवाड्यातील घरांची ठरलेली आकांक्षा झाली. तो मुलगा नोकरीत जे शिकला ते गावाकडे परत येण्याची मात्र कोणतीही व्यवस्था नव्हती.

ती व्यवस्था स्वतःच्या आयुष्याची किंमत देऊन निर्माण करू पाहणाऱ्यांत मी प्रथम डॉ. श्रीनाथ कलबाग यांचे नाव घेईन. १९२८ चा जन्म, अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाची अन्नतंत्रज्ञानातील विद्यावाचस्पती ही पदवी, म्हैसूरच्या केंद्रीय अन्नतंत्रज्ञान संशोधन संस्थेतील काम, आणि नंतर हिंदुस्थान लिव्हरच्या मुंबई येथील संशोधन केंद्रात अभियांत्रिकी विभागाचे प्रमुखपद, असा ज्यांचा क्रम चालला होता, त्या गृहस्थांनी १९८३ मध्ये पुणे जिल्ह्यातील पाबळ या अवर्षणग्रस्त गावी जाऊन विज्ञान आश्रम काढला. मुले हाताने काम करीत असताना बुद्धीने शिकतात, हाच शिक्षणाचा नैसर्गिक मार्ग होय, हा त्यांचा सिद्धान्त. शाळेत अयशस्वी ठरविली गेलेली मुले त्यांच्याकडे जोडकाम, वीजकाम, भूगर्भातील पाण्याचा विद्युत्‌रोधमापनाने शोध, घुमटाकृती घरांची बांधणी, शेती आणि पशुपालन ही सारी कामे गावकऱ्यांची खरी गरज भागवीत शिकत, आणि त्यातून जो अभ्यासक्रम आकारास आला तो पुढे राज्यातील अनेक माध्यमिक शाळांनी मूलभूत तंत्रज्ञान या नावाने स्वीकारला. २००२ मध्ये अमेरिकेतील एमआयटी या संस्थेच्या फॅब लॅब या वस्तुनिर्मितीच्या प्रयोगशाळांच्या योजनेतील परदेशी प्रयोगशाळांपैकी अगदी पहिल्या प्रयोगशाळांतील एक पाबळला निघाली, यावरून त्या खेडेगावातील कामाची प्रतिष्ठा कळून येईल. २००३ मध्ये कलबाग निवर्तले. मोठ्या कंपनीतील अधिकारपद सोडून पन्नाशी उलटल्यावर खेड्यात शाळा काढणारा हा मनुष्य महाराष्ट्राला पुरेसा ठाऊक नाही, ही गोष्ट मला आजही बोचते.

दुसरे नाव अरविंद गुप्ता यांचे. त्यांचा जन्म बरेलीचा, शिक्षण कानपूरच्या आयआयटीत. १९७५ मध्ये पदवी घेऊन ते पुण्याच्या टेल्को या वाहनांच्या कारखान्यात लागले. १९७८ मध्ये त्यांनी वर्षभराची रजा घेतली ती मध्य प्रदेशातील होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमात काम करण्यासाठी, आणि तेथे आगपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी यांपासून भूमितीच्या आकृत्या उभारताना त्यांना आपल्या आयुष्याचे काम सापडले. पुढे नोकरी सुटली ती कायमची. पुण्याच्या आयुका या खगोलविज्ञानाच्या संस्थेत, पु. ल. देशपांडे यांच्या नावाशी निगडित ‘पुलस्त्य’ या वास्तूतील मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी सुमारे दशकभर काम केले, आणि टाकाऊ वस्तूंपासून खेळणी करण्याच्या शेकडो लहान चित्रफिती आणि पुस्तकांचा संग्रह संकेतस्थळावर विनामूल्य ठेवला. त्या चित्रफिती मराठीसह कित्येक भाषांत आहेत. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. महाजालावरून शिकविणाऱ्या भारतीय अभियंत्यांचा जर कोणी मूळ पुरुष मानावयाचा असेल, तर तो मान मी निःशंकपणे त्यांनाच देईन, कारण शिकवणीचे मोल न घेता ती सर्वांच्या हाती पोचविण्याचा पायंडा त्यांनी घातला.

मोल घेणारी शाखाही याच काळात वाढली. राजस्थानातील कोटा येथे जे. के. सिंथेटिक्सच्या कारखान्यातील अभियंता विनोदकुमार बन्सल यांनी, स्नायूंच्या असाध्य विकाराने शरीर क्षीण होत असता, घरच्या मेजाभोवती विद्यार्थी शिकविण्यास आरंभ केला आणि त्यातून त्या शहराचा शिकवणीवर्गांचा नवा धंदा जन्मास आला. आपल्याकडे लातूर आणि नांदेड येथे परीक्षेच्या तयारीची जी विद्यालये भरभराटीस आली, तेथे हिंगोली जिल्ह्यातील पालक कर्ज काढूनही मुले पाठवितात. त्या मार्गाने पुष्कळांचे कल्याण झाले आहे. परंतु ज्याच्या बापाजवळ खोलीचे भाडे आणि खानावळीचे पैसे नाहीत, त्याला ते दार बंदच राहिले.

ते दार महाजालाने किलकिले केले. आयआयटी आणि बंगळूरची विज्ञान संस्था यांनी २००३ मध्ये एनपीटीईएल ही योजना हाती घेऊन अभियांत्रिकीची व्याख्याने सर्वांस खुली केली. २००५ मध्ये यूट्यूब आले. २०१६ च्या सप्टेंबरात जिओ सुरू झाल्यावर इंटरनेटचा दर इतका उतरला की सालदाराच्या मुलालाही ते परवडू लागले. आणि २०२० च्या टाळेबंदीने शिक्षक व विद्यार्थी दोघांनाही पडद्यासमोर बसण्याची सवय लावली. तेव्हापासून नोकरी सोडून शिकविणारा अभियंता हा एक ओळखता येणारा वर्ग झाला आहे. तो यंत्रारेखन शिकवितो, यंत्रांचे नियंत्रण करणाऱ्या पीएलसीची जोडणी उलगडतो, स्पर्धापरीक्षेची उदाहरणे सोडवितो. प्रारंभीची त्याची मिळकत बेभरवशाची असते. जाहिरातींचा वाटा मिळविण्यासाठी यूट्यूबने २०१८ मध्ये जी अट घातली, तीप्रमाणे हजार वर्गणीदार आणि वर्षभरात चार हजार तासांचे प्रेक्षण जमवावे लागते, आणि तेवढ्यावर घर चालत नाही म्हणून तो शुल्क घेऊन वर्ग चालवितो. त्याचे खरे भांडवल कारखान्यातील वर्षे हेच होय. बेअरिंग तापले असता यंत्राचा आवाज कसा बदलतो, नकाशातील मापाची सूट प्रत्यक्ष लेथवर किती महाग पडते, हे ज्याने पाळीत उभे राहून अनुभवले आहे, त्याच्या शिकविण्याची सर पाठ्यपुस्तक वाचून आलेल्या शिक्षकाला येत नाही, हे मी पक्षपात पत्करूनही म्हणेन. उणीव आहे ती हाताच्या कामाची. कलबागांनी ज्यासाठी मुंबई सोडली तीच गोष्ट पडद्यावरून देता येत नाही. २०२१ मध्ये अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने मराठीसह काही भारतीय भाषांत अभियांत्रिकीच्या शिक्षणास मान्यता दिली, पण नुसत्या मान्यतेने पुस्तके तयार होत नाहीत, आणि कार्यशाळाही उभ्या राहत नाहीत.

गोरेगाव ज्या जिल्ह्यात आहे, त्याच जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरींचा वेध घेणारी लायगो-इंडिया ही वेधशाळा उभी राहावयाची आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने २०२३ च्या एप्रिलमध्ये तीसाठी सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या खर्चास मंजुरी दिली. चार चार किलोमीटर लांबीच्या दोन निर्वात नळ्या, लेसर, अतिसूक्ष्म मोजमापे आणि त्यांची वर्षानुवर्षांची देखभाल यांसाठी तंत्रज्ञ लागतील. ते पुण्या-मुंबईहूनच आणावयाचे की सेनगाव, औंढा, वसमत, कळमनुरी येथल्या मुलामुलींतून घडवावयाचे, याचा निर्णय आजपासून होत आहे. म्हणून निर्वात तंत्र, जोडकाम, इलेक्ट्रॉनिकी आणि मापनशास्त्र यांत ज्यांची हयात गेली आहे आणि जे आता घरून शिकवू लागले आहेत, त्या मराठी अभियंत्यांना माझी विनंती आहे की त्यांनी हे विषय मराठीत, अगदी पहिल्या पायरीपासून शिकवावेत. आणि हिंगोलीच्या जिल्हा परिषदेने तालुक्यास निदान एक कार्यशाळा अशी द्यावी, की जेथे पडद्यावर ऐकलेला धडा गोरेगावच्या मुलीला त्याच आठवड्यात स्वतःच्या हातांनी करून पाहता येईल.