न दिसणारी हवा

राजदूत-येझदीच्या काळात ब्रेक तार-सळईचा. सैल पडला तर डोळ्यांना दिसे. द्रवाच्या दाबाचे ब्रेक १९२१ मध्येच अमेरिकेच्या ड्यूसेनबर्ग मोटारीच्या चारही चाकांना आले होते. मोटारसायकलवर एबीएस बीएमडब्ल्यूने १९८८ मध्ये आणले. आपल्याकडे १२५ सीसीवरील सर्व नव्या दुचाकींना ते १ एप्रिल २०१९पासून सक्तीचे झाले.

कोल्हापूरच्या उद्यमनगरातून जाताना मला वाटते, संगणकाचा हुकूमही शेवटी रबरी नळीतूनच चाकापर्यंत पोचतो. नळी बदलताना ब्रेक ऑइलची टाकी रिकामी पडली, तर हवा एबीएसच्या यंत्रात शिरू शकते. द्रव दबत नाही, हवा दबते. मग ब्रेक स्पंजासारखा लागतो. आंबा घाट उतरायचा असेल, तर हवा काढणाऱ्या मिस्त्रीला घाई करू नये.