स्कूटरची कुळकथा

मुले मोठी होऊन घराबाहेर पडली आणि गॅरेज रिकामे झाले, की आपल्यापैकी अनेकांच्या मनात एक जुनी इच्छा डोके वर काढते: एक व्हेस्पा किंवा लॅम्ब्रेटा घ्यावी. इथे ब्रिटनमध्ये नव्याने रंगवलेल्या, चकचकीत जुन्या स्कूटर विकायला असतात. जाहिरातीत लिहिलेले असते, '१९६२ची अस्सल इटालियन'. सोयरीक जमवताना आपण कूळ विचारतो. मग स्कूटर घेतानाही ते विचारायला काय हरकत आहे?

कुळाचा आरंभ युद्धात आहे. इटलीतील पाँतेदेरा येथील पिआजिओ कंपनी विमाने बनवत असे. बॉम्बहल्ल्यांत कारखाना उद्ध्वस्त झाला. युद्धानंतर लोकांना हवे होते स्वस्त वाहन. एन्रिको पिआजिओने ते काम कोर्रादिनो दास्कानियो या विमान-अभियंत्याकडे सोपवले. त्याला मोटारसायकल आवडतच नसे. म्हणून त्याने इंजिन झाकले, गिअर हँडलवर आणले, पाय ठेवायला सपाट जागा दिली आणि पुढचे चाक विमानाच्या चाकासारखे एकाच बाजूने धरले. २३ एप्रिल १९४६ रोजी पेटंटचा अर्ज झाला. व्हेस्पा म्हणजे इटालियन भाषेत गांधीलमाशी. पुढच्याच वर्षी मिलानजवळच्या लांब्राते भागातून इनोसेंटी कंपनीची लॅम्ब्रेटा रस्त्यावर आली.

लवकरच दोघीही आपल्याकडे आल्या. मुंबईत ऑटोमोबाईल प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया ही कंपनी इटलीचे सुटे भाग जोडून लॅम्ब्रेटा तयार करू लागली. पुढे तिच्याच वंशात 'लॅम्बी' आली. बजाज मंडळी १९४८ पासून परदेशी दुचाक्या आणून विकत होती. १९६० नंतर पिआजिओच्या परवान्याने त्यांनी व्हेस्पा १५० बनवली. परवाना १९७१ मध्ये संपला आणि १९७२ पासून तीच बांधणी राणा प्रतापांच्या घोड्याचे नाव घेऊन आकुर्डीतून धावू लागली. तीच आपली चेतक. नंबर लावून वर्षानुवर्षे थांबावे लागे. परदेशातल्या नातेवाईकाने परकीय चलनात पैसे भरले, तर मात्र स्कूटर लवकर मिळे. तेव्हा भावाच्या किंवा मेहुण्याच्या दारात स्कूटर उभी करण्यात परदेशी गेलेल्या मंडळींचाही हातभार होता.

लॅम्ब्रेटाची गोष्ट याहून निराळी. इनोसेंटीने १९७१ मध्ये तिचे उत्पादन थांबवले. भारत सरकारने यंत्रसामग्री विकत घेतली आणि १९७२ मध्ये लखनौला स्कूटर्स इंडिया लिमिटेड स्थापन झाली. देशात 'विजय सुपर' आणि परदेशी बाजारासाठी 'लॅम्ब्रेटा' अशी दोन्ही नावे त्या कारखान्यातून निघाली. तिथली दुचाकी १९९७ मध्ये बंद झाली. म्हणजे लखनौची लॅम्ब्रेटा ही नक्कल नव्हे. मिलानच्याच यंत्रांवर घडलेली ती धाकटी बहीण आहे.

मग घोळ कुठे होतो? आपल्याकडे स्कूटर हा हौसेचा विषय नव्हता. नवरा-बायको, दोन मुले, पुढे भाजीची पिशवी आणि मागे गॅसचा सिलिंडर एवढा संसार तिने ओढला. मोडली की मेकॅनिकने हाताशी असेल तो भाग बसवून ती चालती केली. तीस वर्षांनी तिच्यात मूळचे किती उरले, हे त्या मेकॅनिकलाच ठाऊक. अशा स्कूटर पुढे भारतातून, तशाच व्हिएतनाममधूनही, नव्याने सजवून युरोपात आल्या. काही कारागिरांनी चोख काम केले. काहींनी तीन स्कूटरची एक केली, खड्ड्यांत लांबी भरली, वर झकास रंग दिला आणि बिल्ला इटलीचा लावला. कारण इटालियन म्हटले की किंमत चढते.

यात पैसे तर जातातच, पण जिवाचाही प्रश्न आहे. लॅम्ब्रेटाला आत नळीचा सांगाडा असतो आणि पत्रे त्यावर बसवलेले असतात. व्हेस्पाला मात्र वेगळा सांगाडाच नाही; पत्र्याचे अंग हाच तिचा कणा. तिचा तळ गंजला असेल आणि वरून नुसता पत्रा चिकटवला असेल, तर गाडी रस्त्यावर दगा देऊ शकते. म्हणून पाहायला जाताना खिशात लोहचुंबक ठेवावा. लोखंडी पत्र्यावर जिथे तो नीट धरत नाही, तिथे रंगाखाली जाड लांबी असल्याचा संशय घ्यावा. तळ खालून पाहावा. रंगवण्यापूर्वीचे, उघड्या पत्र्याचे फोटो मागावेत. चांगला कारागीर ते आनंदाने दाखवतो.

कागदही तितकेच महत्त्वाचे. चॅसीवर ठोकलेला क्रमांक आणि नोंदणीपत्रावरचा क्रमांक स्वतः जुळवून पाहावा. खरवडल्याच्या खुणा दिसल्या तर व्यवहार तिथेच थांबवावा. बाहेरून आणलेली गाडी असेल तर आयातीची नोंद महसूल खात्याकडे झाली आहे का, हे विचारावे. स्कूटरचे वय सिद्ध करता आले नाही, तर डीव्हीएलए तिला 'क्यू'ने सुरू होणारा नंबर देऊ शकते आणि मग तिची किंमत घसरते. चाळीस वर्षे पूर्ण झालेल्या गाडीला रस्त्याचा कर माफ होतो. मोठे फेरफार झालेले नसतील, तर २०१८ पासून वार्षिक एमओटी तपासणीही सक्तीची नाही. पण हाच धोका आहे, कारण ब्रेक, टायर आणि वायरिंग दुसरे कोणी पाहणारच नाही. जाणत्या मेकॅनिककडून दरवर्षी तपासणी करून घ्यावी.

राहता राहिला मनाचा भाग. आपल्याला खरे म्हणजे रोमच्या रस्त्यावरची स्कूटर आठवत नसते. आठवते ती डावीकडे तिरकी करून, किक मारून सुरू केलेली वडिलांची किंवा काकांची गाडी. मग तिला इटालियन कशाला म्हणवून घ्यायचे? कागद चोख असलेली चेतक किंवा लखनौची लॅम्ब्रेटा मिळाली, तर ती त्याच नावाने घ्यावी, त्याच नावाने मिरवावी. तिच्या बिल्ल्यावर आकुर्डी किंवा लखनौ वाचून इथले शेजारी चार प्रश्न विचारतील. तेव्हा ही कुळकथा त्यांना जरूर सांगा. आणि हो, पेट्रोलमध्ये ऑइल घालायला विसरू नका!