बंदिवान किमयागार

किमयागार म्हटला, की धुरकट खोलीत शिशाचे सोने करू पाहणारा लोभी इसम आपल्या डोळ्यांसमोर उभा राहतो. अशा भोंदूंना उद्देशूनच पोप २२ वे जॉन यांनी १३१७ साली फर्मान काढले : जितके खोटे सोने खपवले, तितके खरे सोने गोरगरिबांसाठी दंड म्हणून भरावे!

तथापि त्याच शतकातील एक किमयागार आम्हांला निराळा वाटतो. रूपेसिसाचे जॉन हे फ्रान्समधील फ्रान्सिस्कन व्रतस्थ. १३४४ पासून ते बंदिवासात होते. १३४९ नंतर आविन्यो येथे पोपच्या तुरुंगात. तेथेच १३५१-५२ च्या सुमारास त्यांनी 'पंचमसारा'वर ग्रंथ लिहिला.

त्यातील कृती अशी : द्राक्षारस भट्टीवर तापवावा, वाफ निववून थेंब थेंब धरावा, तो पुनःपुन्हा उकळून शुद्ध करावा. द्राक्षारस आंबतो, हे 'जळते पाणी' आंबत नाही, त्यात ठेवलेले मांसही कुजत नाही. मग ईश्वराने नेमलेल्या घटकेपर्यंत मानवी देह ते का राखणार नाही? ख्रिस्तविरोधकाचा छळकाळ जवळ आला आहे, अशी त्यांची खात्री होती. त्या काळात निर्धन धर्मबंधूंना औषध मिळावे, म्हणून या पाण्यात वनस्पतींचा गुण उतरवण्याची रीत त्यांनी सांगितली.

त्यांची भाकिते फोल ठरली. मद्यार्कात औषधी वनस्पतींचा अर्क काढण्याची रीत मात्र आजही चालू आहे. कोठडीत राहून इतरांच्या दुखण्याची चिंता वाहणे, ही किमया आम्हांला सोन्याहून मोलाची वाटते.