रक्ताची आडवाट

रेल्वे कामगारांना शंटिंग ठाऊकच आहे. शल्यविद्येतला ‘शंट’ त्याच जातीचा. आतड्यांचे व पानथरीचे रक्त यकृताकडे नेणारी शीर तुंबली, की अन्ननलिकेतल्या शिरा फुगून फुटतात व माणूस रक्त ओकतो. मग त्या रक्ताला दुसऱ्या शिरेतून वाट काढून द्यावयाची.

१८७७ साली रशियात निकोलाय एक्क या लष्करी वैद्याने अशी वाट कुत्र्यांत काढली. आठांपैकी एकच अडीच महिने टिकले, आणि तेही पळून गेले! १८९३ मध्ये पाव्हलॉव्ह प्रभृतींना दिसले की मांस खाऊन अशी कुत्री भ्रमिष्ट होतात. १९४५ पासून न्यूयॉर्कच्या व्हिपल यांनी ही शस्त्रक्रिया माणसांत रुळविली. पण तिकडचे बहुतेक रोगी यकृत आकसून निकामी झालेले. पुष्कळांना भ्रम जडला, आयुष्य फारसे वाढले नाही, आणि शंटचे नाव खराब झाले.

आमच्याकडचा रोगी पुष्कळदा निराळा असतो: तरुण, गरिबाघरचा, पानथरी फुगलेली, पण यकृत कामाचे. १९६९ साली भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या बैठकीत या विकाराला स्वतंत्र नावही मिळाले. अशाच्या पानथरीची शीर मूत्रपिंडाच्या शिरेला जोडली, तर बहुधा रक्त थांबते आणि बुद्धी शाबूत राहते. हल्ली दुर्बिणीतून शिरा बांधण्याचा उपाय आधी करतात, तो योग्यच. मात्र त्याला फेऱ्या फार. देवबागच्या रापणकराचा बांबोळीच्या प्रत्येक फेरीला रोज बुडतो, आणि रात्री रक्त पडले तर इस्पितळ सीमेपलीकडे. त्याच्या उपचाराचा हिशेब आम्ही विलायतेच्या रोग्यावरून मांडू देणार नाही.