घोड्याची भूक व तरतरी : बदलांची पारख

घोड्याचे खाणे, पाणी पिणे, लीद टाकणे, चाल आणि वागणे यांत पडलेला बारीक फरक आजार उघड होण्याआधी ओळखण्याचे कसब. घोडा हा उघड्या माळावर कळपाने राहणारा आणि हिंस्र पशूंचे भक्ष्य ठरणारा प्राणी असल्याने दुखणे लपवण्याकडे त्याचा कल असतो. तो लोळू लागेपर्यंत किंवा त्याला दरदरून घाम फुटेपर्यंत रोग पुष्कळदा पुढे गेलेला असतो. या पारखीत कोष्टकातील आकड्यांहून त्या एका घोड्याची रोजची सवय महत्त्वाची असते. म्हणून ती पशुवैद्याच्या आधी चंदी देणाऱ्या मोतद्दाराला साधते.

पालघर जिल्ह्यात घोडे मुख्यतः दोन कामांत दिसतात : केळव्यासारख्या किनाऱ्यांवर पर्यटकांना फेरी मारून आणणे आणि गावोगावच्या वरातींत नवरदेवाला मिरवणे. ओली हवा, रेती, जोरदार पाऊस आणि बोईसर-तारापूरची औद्योगिक वसाहत यांमुळे येथील घोड्याच्या भुकेवर परिणाम करणारी कारणे देशावरच्या घोड्याहून काही अंशी वेगळी आहेत.

शारीरिक आधार : घोड्याचे जठर शरीराच्या मानाने लहान, सुमारे ८ ते १५ लिटर धारणेचे असते. मोकळा घोडा दिवसाचे चौदा-सोळा तास थोडे थोडे चरतो. जठरात आम्ल सतत पाझरत राहते, त्यामुळे पोट बराच काळ रिकामे राहिल्यास व्रण होण्याचा धोका वाढतो. घोड्याला उलटी करता येत नाही. चुकीचे खाल्ले गेले तर त्याला आतड्यातूनच पुढे जावे लागते. वैरणीचे पचन मोठ्या आतड्यातील सूक्ष्मजीवांवर अवलंबून असल्याने चारा एकाएकी बदलला की पोट बिघडते. नवा चारा सात ते दहा दिवसांत हळूहळू वाढवतात.

नेहमीची माने : पूर्ण वाढीचा घोडा दिवसाला आपल्या वजनाच्या दीड ते अडीच टक्के कोरडा चारा खातो, ४०० किलोच्या घोड्यास हे ६ ते १० किलो होते. पाणी साधारण २५ ते ४० लिटर लागते, उन्हात व कामात त्याहून अधिक. लीद दिवसातून आठ ते बारा वेळा पडते. विश्रांतीच्या वेळी तापमान ३७.५ ते ३८.५ अंश सेल्सिअस, नाडी मिनिटाला २८ ते ४४ आणि श्वास ८ ते १६ असतो. वजनकाटा नसल्यास छातीच्या घेराचा वर्ग गुणिले शरीराची लांबी (दोन्ही सेंटिमीटरमध्ये) यास ११,८८० ने भागून किलोतील अंदाज मिळतो. अंगावरचे मांस-चरबी पाहून १ ते ९ गुण देण्याची पद्धत अमेरिकेत १९८३ मध्ये मांडली गेली. मात्र रोज पाहणाऱ्याच्या नजरेतून हळूहळू होणारी घट निसटते, म्हणून पंधरवड्याने माप घेणे उपयोगी पडते.

भुकेतील बदल : घोडा काय टाकतो आणि कसे टाकतो, यावरून कारणाचा माग लागतो. वैरण खातो पण चंदी अर्धी ठेवतो, असे वारंवार घडल्यास जठरातील व्रणाचा संशय घेतात. तोंड घालतो, पण मान तिरकी करून चावतो, चघळलेले गोळे खाली टाकतो आणि लिदीत अख्खे हरभरे दिसतात, तेव्हा भूक शाबूत असून दुखणे दातांचे असते. दाढांच्या कडा झिजून धारदार होतात व गाल-जीभ कापतात; वर्षातून एकदा तरी दात तपासून त्या घासाव्या लागतात. उंच गव्हाणीतले खातो पण जमिनीवरचे टाळतो, तर मान दुखत असण्याची शक्यता असते. दाणा, वैरण दोन्हींकडे पाठ फिरवली आणि लीदही थांबली, तर पोटशूळ गृहीत धरूनच हालचाल करावी लागते. तोबरा रिकामा होण्यास रोजच्यापेक्षा दुप्पट वेळ लागणे हीसुद्धा नोंद घेण्याजोगी गोष्ट आहे. उलट माजावर आलेली घोडी किंवा सोबती दुरावलेला घोडा एक-दोन दिवस कमी खातो आणि आपोआप सावरतो.

तरतरीतील बदल : दाण्याच्या डब्याचा आवाज होताच कान टवकारणारा घोडा तोंड भिंतीकडे करून उभा राहिला, तर तो पहिला इशारा होय. मागचा एक पाय सैल सोडून उभे राहणे स्वाभाविक आहे. पुढचा पाय पुढे टेकवून त्यावरचा भार काढणे स्वाभाविक नाही. घोडा उभ्याने डुलकी घेतो, पण गाढ झोपेसाठी त्याला थोडा वेळ आडवे व्हावे लागते. सांधेदुखीमुळे किंवा जागा असुरक्षित वाटल्यामुळे तो आडवा होत नसेल तर दिवसा पेंगतो आणि ते आळसासारखे दिसते. खरारा करताना अंग चोरणे, वळताना एकाच बाजूला अडणे, काम थांबून अर्धा तास झाला तरी नाडी ६० च्या खाली न येणे हे बदलही यातच मोडतात. २०१४ मध्ये युरोपीय संशोधकांनी घोड्याच्या मुखमुद्रेवरून वेदना मोजण्याची पद्धत प्रसिद्ध केली. तीत मागे ताठलेले कान, आकसलेला डोळा, डोळ्यावरचा ताण, जबड्याचे ताठर स्नायू, आवळलेले तोंड व हनुवटी आणि ताणलेल्या नाकपुड्या अशा सहा खुणांना गुण देतात.

किनारपट्टीतील कारणे : रेतीवर टाकलेली वैरण खाताना रेती पोटात जाऊन मोठ्या आतड्यात साचते. भूक कमी होणे, अधूनमधून पातळ लीद आणि कुशीकडे वळून पाहणे ही तिची लक्षणे. मूठभर लीद काचेच्या बरणीत पाण्यात कालवून ठेवल्यास रेती तळाशी बसते. ती दिसली नाही म्हणून मात्र पोट साफ आहे असे ठरत नाही. वैरण गव्हाणीत किंवा जाळीत देणे हा साधा प्रतिबंध आहे. उष्ण व दमट हवेत काही घोड्यांचा घाम आटतो. कातडी कोरडी, श्वास जलद आणि घोडा मलूल असे चित्र दिसले तर त्याला सावलीत नेऊन अंगावर पाणी ओततात.

जिल्ह्यात वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. त्या काळात ओलसर गवताला व मक्याला बुरशी येते. बुरशीच्या मक्यातील विष मेंदूवर परिणाम करू शकते आणि त्याची सुरुवात खाणे सोडणे व गुंगी यांनी होते. चावणाऱ्या मोठ्या माश्यांमार्फत पसरणारा सर्रा रोग पावसाळ्यात व त्यानंतर बळावतो. त्यात ताप येतो-जातो, घोडा खात असूनही खंगतो आणि पायांवर सूज येते. या रोगाचा परजीवी ग्रिफिथ इव्हान्स यांनी १८८० मध्ये तेव्हाच्या पंजाबातील डेरा इस्माईल खान येथे ओळखला. ‘घोडा का अडला?’ या कोड्याचे ‘न फिरवल्यामुळे’ हे उत्तर पावसाळ्यात तबेल्यात बांधून राहिलेल्या घोड्यालाही लागू पडते : चालणे थांबले की आतड्याची हालचाल मंदावते.

तारापूर औद्योगिक क्षेत्र केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या मूल्यमापनात अतिप्रदूषित ठरले होते. त्यामुळे परिसरात घोडा कोणते पाणी पितो याकडे लक्ष द्यावे लागते. वास बदललेले पाणी घोडा नाकारतो आणि पाणी कमी झाले की कोरडी वैरण आतड्यात अडकते. वरातीच्या घोड्याचे प्रश्न आणखी वेगळे : तासन्‌तास उपाशी ताटकळणे, फटाके, बँड आणि रात्रीचे जागरण. दुसऱ्या सकाळी त्याने चंदी टाकली तर त्याला हट्टी ठरवण्यापूर्वी आदल्या रात्रीचा हिशेब पाहावा लागतो.

परंपरा : संस्कृतातील शालिहोत्राच्या नावावरील अश्वशास्त्राची परंपरा जुनी असून घोड्यांच्या वैद्याला ‘साळोत्री’ हे नाव त्यावरूनच पडले. कोकणातील पाऊस आणि घोड्याचे पोट यांचा संबंध शिवाजी महाराजांनी १६७३-७४ च्या सुमारास चिपळूण भागातील जुमलेदारांना पाठवलेल्या पत्रात दिसतो. साठवलेला दाणा व वैरण आधीच उधळली तर भर पावसाळ्यात काही उरणार नाही आणि घोडी उपासाने मरतील, अशी ताकीद त्यात आहे. आधुनिक पशुवैद्यकाचे शिक्षण मुंबईत परळच्या पशुवैद्यक महाविद्यालयात १८८६ पासून सुरू झाले.

नोंद व उपाय : दाणा किती उरला, पाण्याच्या बादल्या, लिदीची संख्या व पोत, तापमान आणि काम एवढे पाच रकाने रोज भरल्यास फरक उठून दिसतो. एक वेळची चंदी सुटली तर ताप व नाडी मोजून पुढच्या वेळेपर्यंत लक्ष ठेवतात. खाणे व लीद दोन्ही थांबणे, ताप ३८.५ अंशांपुढे जाणे किंवा विश्रांतीत नाडी ५० च्या वर राहणे, यांपैकी काहीही आढळल्यास वाट पाहू नये. दाणा काढून घ्यावा आणि पशुवैद्याला बोलवावे. ते येण्याआधी वेदनाशामक दिल्यास खरे दुखणे झाकले जाते. नाकातून चिकट स्राव व अंगावर गाठी असल्यास ग्लँडर्सच्या शक्यतेमुळे घोडा वेगळा बांधतात; हा रोग माणसालाही होतो आणि त्याची खबर देणे कायद्याने बंधनकारक आहे. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा विनामूल्य क्रमांक आहे. पथकाकडून पहिला प्रश्न सहसा ‘कधीपासून खात नाही?’ असा येतो आणि त्याचे नेमके उत्तर त्या पाच रकान्यांतच सापडते.