बंदीचा आवाज आणि हुकुमाचा आवाज

गेल्या वर्षी महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनाची तयारी चालू असताना बी. ए. च्या दुसऱ्या वर्षातला एक मुलगा माझ्याकडे आला. मातंग समाजातला. घरात पिढ्यान्‌पिढ्या हलगी. म्हणाला, "सर, मी स्टेजवर हलगी वाजवू का?" मी म्हणालो, "नको. ते आपण सोडलंय. तू भाषण कर." तो काही बोलला नाही. भाषण त्याने केले, चांगले केले. पण त्यानंतर तो माझ्याशी पूर्वीसारखा मोकळा राहिला नाही, आणि माझ्या उत्तराने मलाही स्वस्थ बसू दिले नाही.

माझ्या त्या उत्तरामागे एक इतिहास होता. माझा आजा गावात डफडे वाजवीत असे. पाटलाघरची वरात, देवीची जत्रा, मयत, दवंडी. बोलावणे आले की निघायचे. मोबदला म्हणजे उरलेसुरले अन्न, तेही दुरून. 1927 साली महाडला बाबासाहेबांनी मेलेली ढोरे ओढण्याचे आणि त्यांचे मांस खाण्याचे काम टाकून द्या असे सांगितले. 1956 च्या धर्मांतरानंतर आज्याने डफडे आढ्याला टांगले, ते पुन्हा कधी काढले नाही. त्या नकारातून माझे वडील शाळेची पायरी चढले आणि मी पदवीपर्यंत पोचलो. तेव्हा डफड्याचा आवाज माझ्या कानाला गुलामीचाच आवाज होता.

याच सुमारास मी एका वेगळ्या आवाजाचा इतिहास वाचत होतो. फेकलेल्या वस्तूंतून वाजणारी शिल्पे घडवण्याला कलेच्या जगात आता मान आहे. स्विस शिल्पकार ज्याँ टिंगेली याने 1978 पासून भंगारातली चाके आणि मोडकी वाद्ये जोडून 'मेटा-हार्मनी' नावाची वाजणारी यंत्रे उभारली. ती संग्रहालयांत गेली. पण त्याच्या चाळीस वर्षे आधी वेस्ट इंडीजमधल्या त्रिनिदाद बेटावर, पोर्ट ऑफ स्पेनच्या गरीब काळ्या वस्त्यांत, पोरांनी कचऱ्यातल्या लोखंडाला बोलायला लावले होते. त्यांना कोणी शिल्पकार म्हटले नाही. पोलिसांनी त्यांना गुंड म्हटले.

ही गोष्ट गुलामगिरीपासून सुरू होते. उसाच्या मळ्यांवर आफ्रिकेतून आणलेल्या माणसांना 1838 साली पूर्ण मुक्ती मिळाली. ती माणसे कार्निव्हलच्या पहाटे मशाली घेऊन, ढोल वाजवीत 'कॅनबुले' नावाची मिरवणूक काढीत. जळत्या उसाच्या मळ्याची ती आठवण होती. 1881 साली पोलीसप्रमुख कॅप्टन बेकर याने ती मोडायला बळ वापरले; वस्त्यांनी लाठ्यांनी उत्तर दिले. 1884 च्या कायद्याने मशाली, ढोल आणि लाठीधारी जमाव यांवर निर्बंध आले. त्याच वर्षी ऑक्टोबरात सॅन फर्नांडो येथे, ताजियांची मिरवणूक घेऊन निघालेल्या हिंदी करारबद्ध मजुरांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. डझनाहून अधिक माणसे मेली. त्यांच्या गळ्यात ताशे होते. आपल्या मिरवणुकीत ताशा वाजतो, त्याचाच तो भाऊबंद. मळेवाल्यांच्या सरकारला आफ्रिकेचा ढोल आणि हिंदुस्थानचा ताशा दोन्ही सारखेच खुपत होते. कारण ढोल वाजला की माणसे एकत्र येतात.

चामड्याचा ढोल हिरावला, तेव्हा लोकांनी बांबू कापला. निरनिराळ्या लांबीचे तुकडे जमिनीवर आपटायचे, काठीने वाजवायचे. याला 'तांबू बांबू' म्हणत. 1930 च्या दशकाच्या अखेरीस बांबूच्या जागी पत्रा आला. बिस्किटांचे डबे, रंगाचे डबे, कचरापेट्यांची झाकणे, मोटारींचे ब्रेक ड्रम. पत्रा बांबूसारखा फुटत नाही, आणि त्याचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जातो. ब्रेक ड्रम तर आजही त्या वाद्यवृंदातून गेलेला नाही. त्याच्या खणखणाटावर सगळा ताल उभा असतो.

डबे ठोकता ठोकता पोरांच्या ध्यानात आले की जिथे पोचा पडतो तिथला स्वर बदलतो. आतून ठोकून पोचा वर काढला की पुन्हा बदलतो. इथे ताल संपून सूर सुरू झाला. बेटावर तेलाच्या विहिरी होत्या, 1941 पासून अमेरिकन सैन्याचे तळ होते, आणि तेलाची 55 गॅलनची रिकामी पिंपे जागोजाग पडून होती. युद्धकाळात, 1942 पासून, कार्निव्हल बंद होता. 1945 साली युद्ध संपल्याचे कळताच हे पत्र्याचे ताफे रस्त्यावर उतरले. 1946 च्या कार्निव्हलमध्ये विन्स्टन 'स्प्री' सायमन याने खुद्द गव्हर्नरसमोर धून वाजवल्या. त्यांत ब्रिटिशांचे राष्ट्रगीतही होते. एली मॅनेटने पिंपाचा तळ आत खोलगट ठोकून वाद्याला आजचा आकार दिला. पहिला पॅन कोणाचा यावर तिथे आजही वाद आहे. तो राहणारच, कारण हा शोध एका कलावंताचा नाही, वस्त्यांचा आहे.

पॅन घडवणे हे अंगमेहनतीचे शिल्पकाम आहे. पिंपाचा तळ घणाने ठोकून परातीसारखा खोल करायचा. त्यावर स्वरांच्या जागा आखून बोथट हत्याराने त्यांच्या कडांचे चर पाडायचे, म्हणजे एका जागेचा कंप दुसरीत मिसळत नाही. पिंपाची बाजू हवी तेवढी ठेवून कापायची. आखूड ठेवली तर उंच स्वर, पूर्ण ठेवली तर खर्ज. मग आगीवर तापवायचे आणि लहान हातोडीने खालून-वरून ठोकत एकेक स्वर जुळवायचा. आजासुद्धा वाजवण्याआधी डफडे शेकोटीवर तापवी. कातडे काय, लोखंड काय, आग दाखवल्याशिवाय बोलत नाही.

1951 साली जोसेफ ग्रिफिथ यांच्या हाताखाली 'टास्पो' हा ताफा लंडनच्या 'फेस्टिव्हल ऑफ ब्रिटन'मध्ये वाजला. साहेबाने वाखाणल्यावर त्रिनिदादच्या पांढरपेशांनाही तो आवाज संगीत वाटू लागला. हे आपल्या ओळखीचे नाही काय? 1962 च्या स्वातंत्र्यानंतर पंतप्रधान एरिक विल्यम्स यांनी कंपन्यांना ताफे पोसायला सांगितले, आणि 'शेल इनव्हेडर्स', 'ईसो ट्रिपोली' अशी नावे आली. तेल कंपन्यांचे रिकामे पिंप वस्तीने उचलले होते. आता कंपनीने वस्तीच्या वाद्यावर आपले नाव लावले. 1992 साली पॅन राष्ट्रीय वाद्य ठरले. 2001 साली अमेरिकेत दोन अमेरिकनांना पॅन घडवण्याच्या एका यांत्रिक रीतीचे पेटंट मिळाले, तेव्हा बेटावर संताप उसळला. 2025 साली तर देशाच्या राजचिन्हावरून कोलंबसची तीन जहाजे काढून तिथे पॅन ठेवण्याचा कायदा झाला. जहाजे गेली आणि पिंप आले. हा विजय लहान नाही. पण ज्या टेकड्यांवरच्या वस्त्यांतून हा आवाज निघाला, त्या लाव्हेंटिलची गरिबी आणि बदनामी राजचिन्हाने मिटलेली नाही. वाद्याला मान मिळणे वेगळे आणि वाजवणाऱ्याला माणूस म्हणून मान मिळणे वेगळे.

हे वाचून कोणी म्हणेल, मग आपणही हलगीला डोक्यावर घ्यावे. इतके सोपे नाही. पॅन हा बंदीचा आवाज होता. 'वाजवू नका' असे सांगितले, म्हणून त्यांनी वाजवले. आपले डफडे हा हुकुमाचा आवाज होता. 'वाजव' असे सांगितले, म्हणून आज्याने वाजवले. आणि माणूस व्हायचे म्हणून त्याने ते थांबवले. ढोल हिरावून घेतल्यावर पत्र्याचा डबा उचलणे आणि गळ्यात घातलेले डफडे काढून ठेवणे, ही एकाच विद्रोहाची दोन रूपे आहेत. वस्तू पवित्र नसते, अपवित्रही नसते. ती कोणाच्या इच्छेने वाजते, एवढाच प्रश्न असतो. 'टाकाऊतून टिकाऊ' म्हणत गरिबांच्या कल्पकतेचे कौतुक करणारे हा प्रश्न विचारीत नाहीत.

आणि इथेच मला माझी चूक दिसली. आज्याने डफडे टांगले ते स्वतःच्या निर्णयाने. मी मात्र त्या मुलाला निर्णय करू दिला नाही. माझ्या तोंडून आलेला 'नको' हा आज्याचा नकार नव्हता. ती बंदी होती. शिकलेल्या माणसाने आपल्याच माणसावर घातलेली.

यंदा मी त्याला बोलावून घेतले. म्हणालो, "मागच्या वर्षी मी चुकलो. वाजवायचं की नाही, तू ठरव." तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "वाजवीन सर. पण पाहुणे आत येताना दारात उभा राहून नाही. कार्यक्रमात वेळ द्या, आणि पत्रिकेत माझं नाव छापा."

मी पत्रिकेचा कच्चा मसुदा काढला आणि त्याच्या हाती पेन दिले. आपले नाव त्याने स्वतःच लिहिले.