तळटीप : जनांतिक आणि आकाशभाषित

‘जनांतिक’ : इतर पात्रे रंगमंचावर हजर असताना दोघांतिघांनी आपसांत केलेले बोलणे. प्रेक्षकांना ते ऐकू येते, बाकीच्या पात्रांना येत नाही, असे दोन्ही बाजूंनी गृहीत धरलेले असते. नट अनामिका दुमडून बाकीची बोटे ताठ उभी धरी (हा ‘त्रिपताक’ हस्त) आणि हाताचा आडोसा करून बोले. ‘शाकुंतला’च्या पहिल्या अंकात दुष्यंत समोर बसलेला असताना प्रियंवदा अनसूयेला हा कोण असावा असे विचारते, ते याच रीतीने. ‘स्वगत’ मात्र कोणालाच उद्देशून नसते. हल्लीच्या प्रयोगांत दोहोंची सर्रास सरमिसळ होते, आणि मग सख्यांमधली कुजबुज निव्वळ मनोगत होऊन बसते.

‘आकाशभाषित’ याहून धीट. तिसऱ्या अंकाच्या आरंभी कण्वाश्रमातला शिष्य दर्भ घेऊन एकटाच येतो, न दिसणाऱ्या प्रियंवदेला वाळ्याचा लेप कोणासाठी नेतेस म्हणून विचारतो, आणि तिचे उत्तर ‘काय म्हणतेस?’ अशा थाटात स्वतःच उच्चारतो. शकुंतला आजारी असल्याचे प्रेक्षकांना कळते ते असे, चार-दोन वाक्यांत आणि एका नटाच्या बळावर. ‘भाण’ हा एकपात्री नाट्यप्रकार तर सबंध याच युक्तीवर चालतो.